हातपाय चालतात तोवर

म्हातारपणी राहायचे कुठे, हा प्रश्न आपल्याकडे कुणालाही विचारा. कोल्हापूरच्या निवृत्त शिक्षिका असोत, लातूरकडचे शेतकरी असोत की डोंबिवलीत सारे आयुष्य काढलेले कारकून, उत्तर बहुधा एकाच वळणाचे येते: हातपाय चालतात तोवर आपल्या घरात, नाही चालले की मुलांकडे. या उत्तरामागे आयुष्यभराचा विचार असतो. अंगात बळ आहे तोवर आपल्या चुलीवर, आपल्या मनासारखे जगावे आणि बळ सरले की ज्यांना वाढवले त्यांच्या आधाराला जावे, असा तो सरळ क्रम आहे.

मग नातवंड येते आणि हा क्रम मोडतो. साठीच्या आसपासचे, चांगले हिंडते-फिरते जोडपे गावातल्या घराला कुलूप लावून मुलाच्या किंवा मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाते. का, असे विचारले तर सगळीकडून एकच कारण ऐकू येते: माया. नातवंड म्हणजे दुधावरची साय, तिच्याशिवाय आजी-आजोबांना करमणार कसे? कुटुंबे असे मानतात, मालिका असेच दाखवतात आणि वृद्धांविषयी धोरणे आखणारेही 'आपल्याकडच्या ज्येष्ठांना मुला-नातवंडांतच राहायला आवडते' हे गृहीत धरून पुढे जातात.

या कारणात खोटे काही नाही, पण ते फार वरवरचे आहे. एकत्र राहण्याची आवड आधी असते आणि तिच्यापोटी नातवंडे सांभाळली जातात, हा समज मला उलटा वाटतो. बहुतेक घरांत काम आधी येते आणि आवड त्या कामातून घडते. कामातून घडलेली आवड पुष्कळदा कामाच्या मुदतीशी बांधलेली असते. आपण मात्र ती कायमची समजतो आणि घर विकणे, बक्षीसपत्र करणे, गाव सोडणे असे परतीची वाट न ठेवणारे निर्णय तिच्यावर उभे करतो. उतारवयातल्या कितीतरी दुःखांचे मूळ या एका गैरसमजात आहे.

1. उलटलेला क्रम

साधा हिशेब मांडू. महाराष्ट्र शासनाचा बहुतेक कर्मचारी 58व्या वर्षी निवृत्त होतो. मध्यमवर्गात साधारण त्याच सुमारास पहिले नातवंड होते. मूल दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत घरी कुणीतरी मोठे माणूस लागते: आधी पूर्ण वेळ, मग शाळेच्या बसला सोडायला-आणायला, मग क्लासच्या वेळा सांभाळायला. दुसरे नातवंड झाले तर ही मुदत आणखी तीन-चार वर्षे लांबते. म्हणजे आजीची 58 ते 70 ही वर्षे त्यात जातात. भारतात साठी गाठलेल्या माणसाला सरासरी आणखी सुमारे 18 वर्षांचे आयुष्य असते. त्यातली पहिली दहा-बारा वर्षेच गुडघे, डोळे, स्मरण शाबूत असण्याची. ती सगळी मुलाच्या घरी खर्ची पडतात.

सत्तरी येते तेव्हा नातवंड आठवीत असते. त्याला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी असते आणि दोन बेडरूमच्या घरात ती खोली एकच असते, ज्यात आजी-आजोबा झोपतात. शाळेतून परतताना त्याला आता कुणाचे बोट धरायचे नसते. याच वेळी आजीचा गुडघा बदलायची गोष्ट निघते, आजोबांना जिना चढवत नाही. मग एखाद्या संध्याकाळी मुलगा अगदी मनापासून विचारतो, "आई, तुम्हाला गावाकडं जास्त बरं वाटेल ना?" त्या प्रश्नात दुष्टावा शोधू नये, बहुधा तो नसतोच. पण गावचे घर दहा वर्षे बंद राहिलेले असते. शेजारी बदललेले असतात, ओळखीचे डॉक्टर निवर्तलेले असतात, ज्यांच्याबरोबर सकाळी फिरायला जायचे त्यांतले निम्मे उरलेले नसतात.

म्हणजे हातपाय चालत होते तोवर मुलाकडे आणि चालेनासे झाल्यावर एकट्याने आपल्या घरी. ज्या क्रमाची त्यांनी आयुष्यभर इच्छा धरली त्याच्या नेमके उलट. यात कुणाची चूक नसते. म्हणूनच ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही आणि घरोघरी पुन्हा पुन्हा घडत राहते.

2. माया आणि पाळणाघर

आजीला बोलावणे येते ते कशामुळे? 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कागदावर हे चांगलेच आहे. पण 26 आठवडे संपतात तेव्हा बाळ सहा महिन्यांचे असते, नुकतेच उष्टावण झालेले. तिथपासून ते तीन वर्षांचे होऊन कुठल्याशा प्लेग्रुपमध्ये जाईपर्यंतच्या अडीच वर्षांचे काय? अंगणवाडीतली बालवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांची, तीही काही तासांची. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची 'पाळणा' योजना 2022 साली केंद्राच्या 'मिशन शक्ती'खाली आली, पण तिची गरज असलेल्या वस्त्या आणि प्रत्यक्षातली पाळणाघरे यांचा मेळ अजून बसायचा आहे. खासगी पाळणाघर चांगले असेल तर महाग आणि स्वस्त असेल तर जीव टांगणीला. शिवाय देशातल्या बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत, त्यांना 26 आठवडे काय, 26 दिवसांची भरपगारी रजाही मिळत नाही.

या पोकळीत आजी उभी राहते. सुनेची किंवा लेकीची नोकरी टिकते ती तिच्यामुळे, घराचा हप्ता जातो तोही तिच्यामुळे. हे सगळे आपण 'माया' या एका शब्दाखाली झाकतो. त्यामुळे शासनावरचा आणि मालकांवरचा दबाव आपोआप सैल होतो. ज्या घरापासून परवडणारे, विश्वासाचे पाळणाघर चार इमारती सोडून आहे, त्या घरातले आजी-आजोबा मायेत कमी पडतात असे कुणी म्हणणार नाही. ते फक्त आपल्या घरी राहून रविवारी भेटायला येतात. तेव्हा एकाच छपराखाली राहण्याचे कारण मायेच्या बाहेरही शोधावे लागते.

3. आवड घडते कशी

काम सुरू झाल्यावर मात्र आवड खरोखर घडते. ती तीन वाटांनी घडते आणि या तीन वाटा एका दिशेला जात नाहीत, हे समजून घेणे फार गरजेचे आहे.

पहिली वाट मानाची. नातवंड नसताना मुलाच्या घरी गेलेले आईवडील पंधरा दिवसांनी अवघडतात. वर्तमानपत्र किती वाजता उघडायचे, टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, इथपासून संकोच सुरू होतो. बाळ आले की घरात त्यांना पद मिळते. टाळू भरायला तेच, खिमट करायला तेच, लसीच्या तारखा त्यांच्याच लक्षात. आपल्यावाचून कुणाचे अडते ही जाणीव निवृत्तीनंतर दुर्मीळ होते आणि जिथे ती मिळते तिथे माणसाला राहावेसे वाटते. त्या काळात कुणी विचारले तर उत्तर येणारच, 'मुलांबरोबरच राहायला आवडेल'. पण या उत्तरातला मोठा वाटा त्या घराचा नसून त्या घरातल्या स्थानाचा असतो. स्थान गेले की आवडही ओसरते आणि माणूस स्वतःलाच दोष देतो, की माझेच मन आता लागत नाही.

दुसरी वाट अंगभर भिनणाऱ्या सवयीची. दोन वर्षे रोज ज्या देहाला न्हाऊमाखू घातले, ज्याला कुशीत घेऊन दुपारी डोळा लावला, त्याच्यापासून दूर होणे ही खरी वेदना असते. मायेमुळे सांभाळ होतो हे जितके खरे, तितकेच सांभाळामुळे माया होते हेही खरे. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या नातवंडावर आजीचा जीव असतोच, पण त्याच्यासाठी ती घर सोडत नाही. जिच्या हातून मूल वाढते तिचे राहण्याविषयीचे मत कायमचे बदलते. काम संपले तरी ही ओढ संपत नाही. मुदतीच्या कामातून बिनमुदत ओढ तयार होते, हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत अवघड भाग आहे.

तिसरी वाट दमणुकीची, आणि ती नेमकी उलट दिशेला नेते. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत रांगत्या मुलामागे धावणे साठीतल्या शरीराला सोपे नाही. पण ही दमणूक बोलून दाखवता येत नाही, कारण ती मायेत कमतरता म्हणून ऐकली जाते. 'आपलं घर ते आपलं घर' असे आजी कट्ट्यावर मैत्रिणीला म्हणते, तेव्हा ती हेच सांगत असते.

एकाच माणसात या तिन्ही गोष्टी एका वेळी असू शकतात. म्हणून पाहणीतली आकडेवारी मी जपून वाचतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक भारतीयांची मोठी पाहणी केली. साठीपुढच्यांमध्ये एकटे राहणारे सुमारे 6 टक्केच आणि बहुसंख्य मुलांसोबत राहणारे, असे त्यात दिसते. यावरून 'आपल्याकडे अजून एकत्र राहण्याचीच आवड आहे' असा निष्कर्ष काढला की घोटाळा होतो. कोण कुठे राहतो हे त्यातून कळते, पण कुणाच्या कामासाठी राहतो आणि ते काम संपल्यावर कुठे राहू इच्छितो हे कळत नाही. त्या पाहणीची रचना त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा भेटण्याची आहे, हे तिचे खरे बळ. नातू तीन वर्षांचा असताना दिलेले उत्तर आणि तो तेरा वर्षांचा झाल्यावर दिलेले उत्तर शेजारी ठेवले की माझे म्हणणे खरे की खोटे ते ठरेल.

4. घर कुणाचे?

आता मुख्य मुद्दा. नातवंड सांभाळण्याचा परिणाम काय होईल हे कामावर जितके अवलंबून असते, त्याहून जास्त ते काम कुणाच्या घरात होते यावर असते.

एका गावात, एका उपनगरात राहणाऱ्या मुलीने सकाळी बाळ आईकडे सोडले आणि संध्याकाळी नेले, तर आजी दिवसभर तेच काम करते. पण ते तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या वेळापत्रकाने, तिच्या शेजारणींच्या सोबतीने. संध्याकाळी दार लावले की घर पुन्हा तिचे. अशा आजीला नातवंडाची ओढ लागते, दमणूकही होते, पण घर सोडावेसे वाटत नाही. उलट मुलीनेच आणखी जवळ यावे असे वाटते. तेच काम सुनेच्या किंवा जावयाच्या घरात केले की आजीचे डबे, तिचा देव्हारा, तिची झोपायची वेळ, सगळे दुसऱ्याच्या घडीत बसवावे लागते.

इरावती कर्वे यांनी 1953च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि एकत्र देवकार्य ही अंगे आहेत. आज नातवंडासाठी एकत्र आलेले घर या कसोटीवर घासून पाहा. छप्पर एक आहे, चूल एक आहे. मालमत्ता मात्र मुलाच्या आणि सुनेच्या नावे, बँकेच्या कर्जाखाली. जुन्या वाड्यात मुले वडिलांच्या घरी राहत, आता वडील मुलाच्या घरी राहतात. दिशाच फिरली आहे. या नव्या व्यवस्थेला जुने नाव दिले की जुन्या व्यवस्थेतला वडीलकीचा अधिकारही तिच्यात असेल असा भास होतो. तो नसतो, आणि म्हणूनच 'आम्ही एकत्र कुटुंबात राहतो' असे अभिमानाने सांगणारी आजी फ्रीज उघडताना थबकते.

5. आजी-आजोबा म्हणजे एक माणूस नव्हे

'आजी-आजोबांना काय आवडते' हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण ही दोन माणसे आहेत. 2024च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांच्या सांभाळात वेळ देताना आढळल्या, पुरुष 21.4 टक्के. सांभाळणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी 140 मिनिटे, पुरुषाची 74. ही आकडेवारी साठीच्या आतली आहे, पण साठ वर्षांच्या सवयी निवृत्तीच्या दिवशी बदलतात असे मानायला आधार नाही. आजोबा नातवाला बागेत नेतात आणि आजी उरलेला दिवस. त्यामुळे आजोबांना मुलाचे घर आवडते ते सोबतीसाठी आणि आजीला नकोसे होते ते कामासाठी, असे होऊ शकते. याच्या उलटही होते: आजोबांचा गावातला कट्टा, वाचनालय, शेत सुटते आणि त्यांच्या हातात काहीच उरत नाही, तर आजी मात्र बाळात रमते.

पुष्कळ घरांत यावर तोडगा काढला जातो तो जोडप्याची ताटातूट करून. आजी पुण्याला नातीकडे, आजोबा साताऱ्याला घर आणि जमीन राखायला. चाळीस वर्षांच्या संसारानंतर एकमेकांच्या सोबतीची खरी गरज सुरू होते तेव्हाच दोघे वेगळे राहतात, आजोबा खानावळीचा डबा लावतात किंवा स्वतः कुकर लावायला शिकतात. याला कुणी 'वेगळे राहणे' म्हणत नाही, त्यामुळे ते कुणाच्या हिशेबातही येत नाही.

लेकीच्या घराची गोष्ट आणखी वेगळी. जावयाच्या घरी मुक्काम ठोकू नये, हा संकेत अजून पुष्कळांच्या मनात घट्ट आहे. नातवंड हे तो संकेत मोडायला समाजाने मान्य केलेले एकमेव कारण. मुलगी एकुलती एक नसेल तरी 'बाळासाठी आलोय' म्हटले की कुणी भुवई उंचावत नाही. ही फार मोलाची सवलत आहे, पण तीही बाळाच्या वयाबरोबर संपते. बाळ मोठे झाल्यावर त्याच घरात राहायला आजीला नवे कारण द्यावे लागते आणि 'माझी मुलगी आहे, म्हणून' हे पुरेसे कारण आपण अजून मानलेले नाही.

6. ऊसतोडीचा हंगाम आणि सहा महिन्यांचा व्हिसा

इथवरचे सगळे शहरी मध्यमवर्गाचे झाले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांत चित्र वेगळे आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुले सोबत नेली तर शाळा बुडते, म्हणून ती आजी-आजोबांकडे मागे राहतात. अशा मुलांसाठी शिक्षण विभागाने हंगामी वसतिगृहाची सोय केली, तिचाही आधार अनेकदा आजीच: जेवण योजनेतून, रात्र आजीजवळ. इथे घर आजीचेच असते, ते सोडायचा प्रश्न येत नाही. तिला कुठे राहायला आवडते हे विचारले तर ती पोराच्या शाळेविषयी बोलते. पोर फडावर जाऊ नये, एवढीच तिची आवड. लवकरच्या लग्नांमुळे या भागात पंचेचाळिशीत आजी झालेल्या बाया सहज भेटतात. सरकारी कागदावर त्या वृद्धच नसतात. श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये 65 वर्षांनंतरचे. म्हणजे सांभाळण्याची सगळी वर्षे बिनआधाराची, आणि आधार सुरू होतो तेव्हा नातू कोयत्याला लागलेला.

दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीतले, टोरांटोतले मराठी घर. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर एका फेरीत साधारण सहा महिने राहता येते. म्हणून आधी मुलीची आई सहा महिने, मग सासूबाई सहा महिने, अशी पाळी लागते. कॅनडाने 2022 पासून सुपर व्हिसावर एका फेरीत पाच वर्षांपर्यंत राहायची मुभा दिली, आणि तिथल्या मराठी आजी-आजोबांचा विचार लगेच वेगळा होऊ लागला. जी गोष्ट आपण मनाचा कल म्हणतो ती किती सहज कायद्याने वाकते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. चीनच्या महानगरांत तर नातवंडांसाठी आलेल्या परगावच्या म्हाताऱ्यांचा एक वर्गच तयार झाला आहे. त्यांची घरनोंदणी गावाकडची, त्यामुळे औषधोपचाराची भरपाई शहरात मिळवताना वर्षानुवर्षे अडचणी. पुण्याच्या हिंजवडीत किंवा वाकडमध्ये संध्याकाळी बाबागाडी ढकलणाऱ्या, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या आज्यांना पाहून मला त्यांची आठवण होते.

7. आक्षेप

पहिला आक्षेप उघड आहे: तुम्ही मायेचा हिशेब मांडता आहात. माझे उत्तर असे की हिशेब मांडल्याने माया आटत नाही. न मांडल्याने मात्र सांभाळणाऱ्याचे नुकसान होते. स्वीडनने जुलै 2024 पासून आईवडिलांच्या वाट्याच्या बालसंगोपन भत्त्यातले प्रत्येकी 45 दिवसांपर्यंत आजी-आजोबांकडे वळवण्याची सोय केली. ब्रिटनमध्ये 2011 पासून 12 वर्षांखालील नातवंड सांभाळणाऱ्या, अजून निवृत्तीवयाला न पोहोचलेल्या आजी-आजोबांना सरकारी निवृत्तिवेतनाच्या पात्रतेत धरले जाणारे क्रेडिट मिळवता येते. तिथल्या आज्यांचे प्रेम त्यामुळे पातळ झाले असे कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुंबईत एक घर घेताना आयुष्य जाते, तिथे आईवडिलांचे वेगळे घर राखण्याची भाषा ही चैन नव्हे काय? पुष्कळांसाठी ती चैन आहे, हे मला मान्य आहे. पण मग निदान खरे बोलू: तिथे आवड नाही, नाइलाज आहे. आणि नाइलाजाने एकत्र राहणाऱ्यांना संरक्षण जास्त लागते, कमी नाही. दाराची स्वतंत्र किल्ली, स्वतःच्या नावचे बँक खाते, दुपारचे दोन तास हक्काचे, वर्षातून दोन महिने गावी जाण्याची ठरलेली सुट्टी, या गोष्टींना दुसरे घर लागत नाही. 75 वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धे तिकीट आहे. गावाशी धागा टिकवायला तेवढे साधन गरिबालाही आहे. अडते ते 'तुम्ही गेलात तर बाळाचं कसं' या प्रश्नापाशी.

तिसरा आक्षेप: नातवंडांनाच पुढे आजीची काळजी घ्यावीशी वाटेल, सांभाळ फुकट जात नाही. वाटेल, आणि वाटावेही. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची जबाबदारी असलेल्या अपत्यांत सज्ञान नातवंडांचाही समावेश आहे. पण आजी 72 वर्षांची असताना तेरा वर्षांचे पोर तिचा आधार होऊ शकत नाही. मधली दहा वर्षे कुणाच्या भरवशावर काढायची, याचे उत्तर या आक्षेपात नाही.

8. सोबत, वेगळे आणि जवळ

'मुलांसोबत की वेगळे' असे दोनच रकाने ठेवले की उत्तर चुकीचे येणारच. जोसेफ शेल्डन या ब्रिटिश डॉक्टरांनी 1948 साली वुल्व्हरहॅम्प्टन शहरातल्या वृद्धांविषयी लिहिताना जवळ राहण्याचे माप सांगितले ते असे: गरम जेवण गार न होता पोहोचवता येईल इतके अंतर. व्हिएन्नातले समाजशास्त्रज्ञ लिओपोल्ड रोझेनमायर आणि एव्हा कोकाइस यांनी 1960च्या दशकात दाखवले की वृद्धांना मुलांची जवळीक हवी असते, पण आपापल्या घरातून. सिंगापूरने ही समज धोरणात उतरवली: आईवडिलांच्या किंवा मुलांच्या घरापासून 4 किलोमीटरच्या आत सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीतले घर पुनर्विक्रीत घेणाऱ्या कुटुंबाला तिथे अनुदान मिळते. आपल्याकडे म्हाडा आणि सिडकोच्या सोडतींत अनेक प्रवर्ग आहेत. आईवडिलांच्या जवळ घर मागणाऱ्यांना काही प्राधान्य देण्याचा विचार करायला काय हरकत आहे? एका संकुलात मुलाचे दोन खोल्यांचे आणि आईवडिलांचे एका खोलीचे घर, हा पर्याय मोठ्या तीन बेडरूमच्या फ्लॅटपेक्षा दर वेळी महाग पडतोच असे नाही. तो सुचत नाही, कारण जागा शोधण्याच्या वेळी बाळ पाळण्यात असते आणि सगळ्यांना वाटते की असेच राहणार आहोत.

9. सही करण्याआधी

सर्वांत मोठी चूक याच काळात होते. बाळ लहान, घरात आनंद, आजी-आजोबांना मान. मुलाला मोठे घर घ्यायचे असते आणि गावातले घर 'नुसते पडून' असते. ते विकले जाते आणि पैसे नव्या घरात जातात, ज्याच्या करारावर आईवडिलांचे नाव नसते. किंवा राहते घरच मुलाच्या नावे केले जाते, कारण अपत्यांना व नातवंडांना निवासी मालमत्ता बक्षीस देताना महाराष्ट्रात 2015 पासून मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. 2007च्या कायद्याचे कलम 23 सांगते की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मागता येते. पण डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे. जानेवारी 2025 मधल्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदार अर्थ लावण्यावर भर दिला, हे दिलासादायक आहे. तरीही खटला लढवायला लागणारे बळ पंचाहत्तरीत कुठून आणायचे? आणि घरातल्या घरात कसल्या अटी लिहायच्या, या संकोचापायी ती ओळ मुळात लिहिलीच जात नाही. बाळ मांडीवर असताना तर नाहीच.

म्हणून ज्यांच्या घरी आज आई किंवा सासूबाई बाळ सांभाळत आहेत, त्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गावच्या घराचा सौदा ठरवण्याआधी आईला आणि वडिलांना वेगवेगळे, निवांत बसवून विचारा: बाळ दहावीला जाईल तेव्हा तुम्हाला कुठे राहायला आवडेल? दोघांची उत्तरे जुळली नाहीत तरी चालेल. लगेच उत्तर आले नाही तर थांबा. आणि उत्तर येईपर्यंत ते घर त्यांच्याच नावावर राहू द्या, वर्षातून एकदा कौले शाकारून घ्या आणि वीजबिल भरत राहा.